न फिटलेलं सुतक

जुना सिनेमा पुन्हा थेटरात लागला की आमच्या घरी एक ठरलेलं भांडण होतं. परवा ते जेवणाच्या पानावर झालं. एका बाजूला माझे मामा, वय एकाहत्तर: ‘तसं आता होणे नाही. ते नट नाहीत, ती गाणी नाहीत, ते थेटरही नाही.’ दुसऱ्या बाजूला माझा भाचा, वय बावीस: ‘मामाआजोबा, तुम्हाला सिनेमा नकोय, तुम्हाला तुमचे गुडघे परत हवेत.’ सगळे हसले, मामाही हसले, आमटी पुन्हा फिरली आणि वाद होता तिथंच राहिला. छापून येणाऱ्या लेखांतही तो तिथंच राहतो. एक पक्ष म्हणतो, जुनं खरंच चांगलं होतं. दुसरा म्हणतो, तुम्हाला नुसतं तसं वाटतं. दोघंही मोजतात तो कलाकृतीचा दर्जा, आणि माझ्या मते घोळ इथंच होतो. जुन्या सिनेमाची, मालिकेची, व्हिडिओ गेमची ओढ ही दर्जाची बाबच नाही. ती शोकाची एक रीत आहे. कुणीतरी गेलेलं असतं, काहीतरी संपलेलं असतं. त्याचं दहावं-तेरावं झालेलं नसतं, किंवा होऊनही पुरलेलं नसतं, म्हणून माणूस शंभरदा पाहिलेला सिनेमा एकशे एकाव्यांदा लावून बसतो. दहाव्याला आलेल्या माणसाला आपण विचारतो का, की बाबा रे, गेलेला खरंच इतका चांगला होता का?

या भावनेचं बारसं वैद्यकशास्त्रात झालं. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथं योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. ग्रीक ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गोस’ म्हणजे दुखणं. परमुलखात चाकरी करणारे स्विस शिपाई गावाकडच्या गुराख्यांचं गाणं कानावर पडलं की झुरणीला लागत, म्हणून ते गाणं म्हणायचीच बंदी होती, असं सांगतात. थोडक्यात, मूळ शब्दात दुखणं होतं. मराठीत आपण त्याचं ‘स्मरणरंजन’ केलं. शब्द कानाला गोड आहे, पण त्या गोडीतच फसगत आहे. आपण दुखणं काढलं आणि तिथं रंजन बसवलं. एकदा रंजन म्हटलं की टीकाकाराचं काम सोपं, रंजनच ते, उथळ असायचंच. आणि विकणाऱ्याचं काम त्याहून सोपं.

माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. (नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की तो नोटांचा नाहीतर स्टँपांचा छापखाना, वर्तमानपत्राशी त्याचा काही संबंध नाही.) १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ त्यांनी किती वेळा पाहिला याची गणती नाही. आधी थेटरात, मग भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर, मग टीव्हीवर लागेल तेव्हा. त्यांची एक खोड होती. विनोद यायच्या अर्धा सेकंद आधी ते हसायचे. वाक्य नटाच्या तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत त्यांचं हसू खोलीभर झालेलं असायचं, आणि आम्हाला निम्मे विनोद ऐकूच यायचे नाहीत. आई वैतागायची. २०२१च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. त्या दिवाळीत सिनेमा लागला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यातलं वाक्यन्‌वाक्य नीट ऐकू आलं. प्रत्येक विनोदाच्या आधी अर्ध्या सेकंदाची एक मोकळी जागा होती. आता तो सिनेमा श्रेष्ठ की सामान्य, या प्रश्नाचं मी काय करू?

बाबांना स्वतःला हे कळत असावं असं मला हल्ली वाटतं. त्या सिनेमातल्या चार मित्रांपैकी दोघं, सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे, २००४ या एकाच वर्षात गेले. हे ते दर खेपेला सांगायचे, आपल्याच आळीतलं कुणी गेल्यासारखं. लॉकडाउनमध्ये २८ मार्च २०२० पासून दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. बाबा दोन्ही वेळा बसायचे. पण बघण्यापेक्षा हजेरीच घ्यायचे. हनुमान आला की, ‘दारासिंग गेले.’ मग दुसरं कुणी, मग तिसरं. आईनं एकदा विचारलंच, ‘रामायण बघताय की मयतांची यादी करताय?’ त्यांनी आवाज थोडा वाढवला, टीव्हीचा.

विरोधी बाजूचा सगळ्यांत बळकट मुद्दा हा, की आठवण लबाड असते. ती सोयीचं तेवढं ठेवते. हा मुद्दा मला नुसता मान्य नाही, तो माझ्याच घरात सिद्ध झालेला आहे. १९८७ साली ‘रामायण’ पहिल्यांदा लागलं तेव्हा क्वार्टरमधल्या आमच्या पुढच्या खोलीत रविवारी सकाळी वीस-बावीस माणसं जमायची. ‘सगळे एकत्र बसायचो’ हे वाक्य मी आजवर कितीदा कौतुकानं म्हटलं असेल. पण एकत्र म्हणजे कसे? पुढं सतरंजीवर आम्ही मुलं, मागं खुर्च्यांवर पुरुष, स्वयंपाकघराच्या दारात बायका, आणि उंबऱ्याबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी, आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई आणि त्यांची माझ्याच वयाची मुलगी. त्यांना बाहेर बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. आत या, असंही कुणी म्हटलं नव्हतं. आणि हे काही कुठलंही गाव नाही, हे नाशिक आहे. इथं २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षं चालला, दार काही उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. रामाच्या त्या दारापासून राम दाखवणाऱ्या आमच्या टीव्हीसमोरच्या उंबऱ्यापर्यंत सत्तावन्न वर्षं गेली होती. तेव्हा ‘ते दिवस’ म्हणताना कुणाचे दिवस, हे विचारणाऱ्याला गप्प करायचा हक्क मला नाही.

मात्र यावरून ‘म्हणून मागं वळून बघूच नका’ असं सांगतात, ते पटत नाही. खटला आठवण्यावर चाललाय आणि गुन्हा आहे विसरण्याचा. १९८७ साली मी पहिल्या रांगेत होते आणि ती मुलगी मला दिसलीच नव्हती. माझी पाठ होती तिच्याकडे. ती दिसली बाबा गेल्यानंतर, जेव्हा मी मनातल्या मनात ती खोली एकेक वस्तू उचलून बघत होते: लाकडी शटरचा टीव्ही, त्यावरचं क्रोशाचं कापड, गुणगुणणारा स्टॅबिलायझर, भिंतीवरचं घड्याळ, दार. आणि दारात ती. ज्याला ‘ते दिवस’ नुसते मिरवायचे असतात तो दारापर्यंत जात नाही. त्याचं काम टीव्हीपाशीच भागतं. ज्याचं माणूस गेलेलं असतं तो सगळे कोपरे तपासतो, कारण काय कुठं राहिलं असेल ते त्याला ठाऊक नसतं. स्मरणरंजनाला विरोध करणाऱ्यांनी खरं तर कमी नाही, जास्त आठवायचा आग्रह धरायला हवा.

आता मामांच्या पक्षाकडे वळते, कारण माझी सहानुभूती तिकडे असली तरी युक्तिवाद तिकडचाच अधिक कच्चा आहे. मामांचं ‘ते थेटर’ म्हणजे विजयानंद. त्यांच्या लेखी ते सिनेमाचं थेटर: बाहेर ब्लॅकवाले, आत पंख्यांचा खडखडाट, पैशांचा पाऊस. पण २१ डिसेंबर १९०९ रोजी त्याच विजयानंदमध्ये कलेक्टर जॅक्सनच्या निरोपानिमित्त ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता, आणि तिथंच अनंत कान्हेरेनं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तेव्हा ते नाटकाचं थेटर होतं. पुढं १९३२ला ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी पडदा बोलू लागला, संगीत नाटक कंपन्या एकेक करत बसत गेल्या, गावोगावच्या नाट्यगृहांत पडदे लागले. रात्र रात्र जागून नाट्यपदांना ‘वन्स मोअर’ देणाऱ्या पिढीला हा सिनेमा आपल्या देवघरात शिरलेला परका वाटला नसेल का? मामांचं सोनं हे त्यांच्या आजोबांचं सुतक होतं. ‘तसं आता होणे नाही’ हे वाक्य बरोबरच आहे, कुठलंच काही पुन्हा होत नाही. त्याच्या शेपटीला ‘म्हणून आताचं सगळं फुसकं’ हे जोडलं की शोकाची तक्रार होते, आणि तक्रार ऐकायला तरुण पोरं बांधील नाहीत.

धंद्याचा मुद्दा लवकर संपवते. जुने सिनेमे पुन्हा लावणं हा थेटरवाल्यांचा धंदा आहे, हे खरं. दहाव्याचा भटजी दक्षिणा घेतो म्हणून दहाव्याला आलेल्यांचं दुःख खोटं ठरत नाही. शिवाय सगळ्या री-रिलीज आठवणीवर चालत नाहीत. राही बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ साली आला आणि थोडक्यात उतरला. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. म्हणजे या खेपेला आलेल्यांत असे पुष्कळ असणार ज्यांनी तो आधी थेटरात पाहिलेलाच नव्हता. माझा भाचा त्यातलाच. त्याची कुठली आठवण चाळवली गेली? ही चुकलेल्या भेटीची हळहळ होती, आणि हळहळ वाटायला म्हातारं व्हावं लागत नाही.

मला खरी भीती वाटते ती धंद्याची नाही, दुखणं काढून टाकण्याची. १ ऑगस्ट २०२५ला ‘रांझणा’ या २०१३च्या सिनेमाची तमिळ आवृत्ती एआयनं शेवट बदलून पुन्हा थेटरात आणली गेली. मूळ सिनेमात नायक मरतो. इथं तो डोळे उघडतो. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष या दोघांनी जाहीर आक्षेप घेतला. बहुतेक चर्चा हक्कांची झाली: सिनेमा कुणाचा, पैसे लावणाऱ्याचा की बनवणाऱ्याचा. तो प्रश्न मोठाच आहे. पण प्रेक्षक म्हणून माझी वेगळी अडचण आहे. बारा वर्षांपूर्वी थेटरात जो मेला, ज्याच्यासाठी कुणीतरी कुणाच्या तरी शेजारी बसून रडलं, त्याला उठवून बसवल्यावर त्या रडण्याचं काय करायचं? ‘शोले’चंही उदाहरण इथं कुणी देईल. त्याचा शेवट आणीबाणीतल्या सेन्सॉरनं १९७५ साली बदलायला लावला होता, आणि मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत जून २०२५मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. तोही बदललेलाच शेवट की! पण तिथं जे चित्रित झालं होतं, दडवलं होतं, ते बाहेर काढलं. इथं जे कधी घडलंच नाही ते घडल्यासारखं दाखवलं. कपाटात सापडलेलं आजोबांचं पत्र वाचणं वेगळं आणि आजोबांच्या अक्षरात नवं पत्र लिहून घेणं वेगळं.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत मीच एकदा मोठी चूक केली. २ सप्टेंबर २०२०ला सरकारनं पबजीवर बंदी घातली तेव्हा हा भाचा सतरा वर्षांचा होता आणि दोन दिवस नीट जेवला नाही. ‘अरे, गेमच ना,’ मी म्हणाले. त्याच्या टोळीत गुवाहाटीचा एक मुलगा होता. दोघांनी एकमेकांचे चेहरे कधी पाहिले नव्हते, लॉकडाउनभर रोज रात्री आवाज ऐकला होता, आणि एकमेकांचे फोन नंबर घ्यायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. रोजच भेटणाऱ्याचा पत्ता कोण लिहून घेतं? पुढच्या वर्षी तो खेळ नाव बदलून परत आला. तो मुलगा आला नाही. तो कंटाळला, नोकरीला लागला की त्या दुसऱ्या लाटेत त्याचं काही झालं, हे भाच्याला कधीच कळणार नाही. जेवणाच्या पानावर मामांच्या गुडघ्यांची थट्टा करणारा हा मुलगा अजूनही कधीकधी त्या नावाला फ्रेंड-लिस्टमध्ये शोधतो. मला त्याच्या आईनं सांगितलं.

खेळांचा शोक तर आमच्या शोकाहून अवघड आहे, कारण तिथं वस्तूच उरत नाही. ३१ डिसेंबर २०२०ला फ्लॅश हे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर बंद झालं आणि सायबर कॅफेत, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चोरून खेळलेले हजारो छोटे खेळ ब्राउझरमधून रातोरात गेले. हौशी लोकांनी खपून त्यातले पुष्कळ गोळा केले म्हणून वाचले. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लोकांनी पैसे मोजून घेतला होता; २०२४च्या मार्चअखेर त्याचे सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेली गोष्ट निकामी झाली. त्यावरून उभ्या राहिलेल्या युरोपातल्या मोहिमेला दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. या सह्या करणारे काय सगळे ‘आमच्या वेळी’वाले होते? कपाटातली कॅसेट निदान बुरशी लागेपर्यंत तुमची असते.

जुन्याच्या नादात नवं मरतं, असा एक आक्षेप उरतो. पडदे मोजकेच, त्यावर जुना सिनेमा लावला तर नव्या मराठी सिनेमानं जायचं कुठं? या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. नव्या मराठी सिनेमाला शो मिळत नाहीत हे दुखणं जुनं आहे आणि री-रिलीजनं त्यात भर पडते हे नाकारता येत नाही. पण आठवणीच्या पोटातून नवं जन्मतच नाही, हे मात्र आमच्या जिल्ह्यात कुणी म्हणू नये. मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. घोडे परवडत नव्हते म्हणून डाकू सायकलवर आले. गावकऱ्यांनी तो तुडुंब गर्दी करून पाहिला, कारण पडद्यावर त्यांचा शेजारी होता. लाडक्या सिनेमासाठी झुरणारी माणसं अशीही असतात. ती त्या सिनेमाला आपल्या गल्लीत आणून आपल्या भाषेत बोलायला लावतात.

आणि आता नाशिकचं नाशिककरांना. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मले, ‘राजा हरिश्चंद्र’नंतर १९१३ला आपली कंपनी घेऊन नाशिकला आले, १६ फेब्रुवारी १९४४ला नाशिकलाच गेले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आपण तिथं सहली काढतो, डबे खातो. पण त्यांनी नाशिकला केलेला ‘मोहिनी भस्मासुर’, ज्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांच्या रूपानं आपल्या पडद्यावर पहिल्यांदा बायकांनी काम केलं, तो आज बघायला मिळत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची चारांतली दोन रिळं उरली, आणि तीही १९१७च्या पुनर्निर्मितीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट पूर्ण नाहीसा. जुनी रिळं त्यातल्या चांदीसाठी वितळवली गेली. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ला सुरू झालं, फाळके जाऊन वीस वर्षं झाल्यावर. तिथले पी. के. नायर फाळके कुटुंबीयांपर्यंत पोचले, तुकडे मिळवले, आणि ‘कालिया मर्दन’ पुन्हा जुळला, ज्यात फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. नायरांना कुणी ‘गतकाळात रमणारा’ म्हटलं असतं तर? रमले म्हणूनच तर शोधत गेले.

दुसऱ्या एका दुखण्यासाठी नाशिकनं गेलेलं जपून ठेवायची ही सोय शतकानुशतकं केलेली आहे. बाबांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो तेव्हा उपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, लांबट नामावळी उघडली आणि पानं उलटत एका सहीवर बोट ठेवलं. आजोबांची सही. ते पणजोबांना घेऊन आले होते तेव्हाची. खाली भावानं सही केली. इथं कुणी म्हटलं नाही की तुमचे पणजोबा जपण्याच्या लायकीचे होते का ते आधी बघू. मला आमच्या शहरात अशीच एक खोली हवी आहे. वातानुकूलित संग्रहालय नको, लेझर शो तर मुळीच नको. एक चालू व्हीसीआर, एक टेपडेक, कॅसेटची बुरशी पुसता येणारा एक माणूस आणि एक वही. लोकांनी घरातलं आणून द्यावं, प्रत करून घ्यावी, वहीत नाव लिहावं.

सध्या हे काम कुठल्यातरी गाळ्यात बसलेला एखादा तरुण करतो. मीही गेले होते. बाबांनी मुंबई दूरदर्शनवरच्या एका मालिकेचं शीर्षकगीत टेप केलं होतं, टू-इन-वन टीव्हीच्या स्पीकरला टेकवून, आम्हा सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प बसवून. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला कुकरची शिट्टी होते. मग धाकटी फिस्सकन हसते, आणि बाबा दबक्या आवाजात ‘शूऽऽ’ करतात. तेच गाणं इंटरनेटवर स्वच्छ मिळतं. तो मुलगा म्हणाला, ‘मॅडम, मागचा सगळा गोंगाट काढून देऊ? आता एआयनं पाच मिनिटांत निघतो.’ मी नको म्हणाले. तरीही त्यानं, चांगुलपणानं, दोन्ही फाइली पाठवल्या. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. साफ केलेली मी एकदा ऐकली. गाणं चांगलं आहे.